मुलांच्या मोठं होण्याच्या आशादायी चित्रपटाचं परीक्षण कसं लिहावं: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

शाळकरी मुलगा किंवा मुलगी, घरात काहीतरी अडचण, थोडी धमाल, थोडं रडू आणि शेवटी उमेद. अशा चित्रपटांवर मराठीत भरपूर लिहिलं जातं, आणि त्यातली बरीचशी परीक्षणं चित्रपटाचं नाव बदललं तरी तशीच्या तशी चालतील. निम्म्या जागेत गोष्ट सांगितलेली असते. मुलांचा अभिनय 'निरागस' आणि संगीत 'साजेसं' असतं. शेवटी 'नकळत डोळ्यांच्या कडा ओलावतात, सहकुटुंब पाहावा' हे ठरलेलं वाक्य येतं. अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन जावं का, हसू कशावर येतं, आणि चित्रपट उमेद देतो म्हणजे नेमकं काय देतो, हे वाचणाऱ्याला कळतच नाही.

बहुतेक वेळा गडबड क्रमात होते. लिहिणारा आधी मत ठरवतो, मग कथानक सांगत सुटतो, आणि उमेद आली कुठून हे बघायचं राहून जातं. या प्रकारच्या चित्रपटात मुख्य काम तेच आहे. बाकीचे टप्पे त्या कामासाठी आहेत, म्हणून ते खालच्याच क्रमानं करावेत.

उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी परेश मोकाशी दिग्दर्शित 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) घेतला आहे. लेखन मधुगंधा कुलकर्णी यांचं. पंढरपूरचा ज्ञानेश, त्याची धाकटी बहीण मुक्ता ऊर्फ झेंडू, वडील वारलेले, आई मशीनवर स्वेटर विणून घर चालवणारी, आणि वडिलांनी स्वतः तयार केलेली 'एलिझाबेथ' नावाची सायकल. कर्जाचे हप्ते थकतात, मशीन जप्त होतं, सायकल विकायची वेळ येते. तेव्हा मुलं आईला न सांगता कार्तिकीच्या यात्रेत बांगड्यांचं दुकान मांडतात. पुढचं समजायला इतकं पुरे.

टप्पा १: बघण्याआधीची तयारी

कमी वाचा, पण नेमकं वाचा. दिग्दर्शक, लेखक, छायालेखक, संकलक यांची नावं, चित्रपटाची लांबी, सेन्सॉरचं प्रमाणपत्र आणि कथा एखाद्या पुस्तकावर बेतलेली आहे का, एवढं माहीत असावं. कादंबरीवर बेतलेला चित्रपट असेल तर बघण्याच्या आदल्या आठवड्यात ती कादंबरी मुद्दाम पुन्हा वाचू नका. तसं केलं की पडद्यावर काय आहे यापेक्षा काय गाळलं याचीच यादी डोक्यात तयार होत राहते. तुलना करायचीच असेल तर परीक्षणाचा पहिला मसुदा झाल्यावर पुस्तक उघडा.

ट्रेलर एकदा बघितला तर चालेल. दिग्दर्शकाच्या मुलाखती मात्र टाळाच. आपल्याला काय सांगायचं होतं हे दिग्दर्शक मुलाखतीत छान सांगतो, आणि मग आपण चित्रपटाऐवजी त्या मुलाखतीचं परीक्षण लिहितो.

चित्रपट ज्या गावात, ज्या दिवसांत घडतो त्याची माहिती मात्र जरूर करून घ्या. यावर वेळ घालवायला लोक कंटाळतात, आणि इथंच परीक्षण पातळ होतं. पंढरपूरचं बघा. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चार मोठ्या यात्रा तिथं भरतात. या दिवसांत गावातल्या असंख्य घरांचं अर्थकारण यात्रेवर चालतं. प्रसाद, तुळशीमाळा, बुक्का, बांगड्या, खेळणी यांची दुकानं लागतात, राहायला खोल्या दिल्या जातात. ज्याला हे ठाऊक नाही तो 'यात्रेच्या पार्श्वभूमीवर घडणारी हळवी कथा' असं लिहून मोकळा होतो. प्रत्यक्षात यात्रा त्या गोष्टीच्या मागे नसून मध्यभागी आहे. मुलांना कमाईसाठी मिळणारे दिवस मोजके आहेत, कारण गर्दी तेवढेच दिवस असते. कथेला मुदत यात्रेनं घातली आहे.

> सावधान: स्वतःचं बालपण थिएटरबाहेर ठेवा. सायकल, शाळेचा डबा, पाटीवरची अक्षरं दिसली की आपल्या आठवणी जाग्या होतात आणि त्यांचे गुण आपण चित्रपटाला देऊन टाकतो. आठवण तुमची आहे. ती जागी करण्यापलीकडे चित्रपटानं काय केलं, ते वेगळं बघायला हवं.

शक्य असेल तर पहिल्यांदा नेहमीच्या प्रेक्षकांत बसून बघा. सुट्टीच्या दिवशी दुपारचा शो उत्तम, कारण तेव्हा सभागृहात मुलं असतात. मोठे हसले आणि मुलं गप्प राहिली, किंवा त्याच्या उलट झालं, तर ती माहिती तुम्हाला दुसरीकडे कुठं मिळणार नाही.

टप्पा २: बघताना नोंदी

छोटी वही आणि पेन. मोबाइलवर टिपणं काढू नका. त्याच्या उजेडाचा शेजाऱ्यांना त्रास होतो आणि तुमचं लक्षही उडतं. अंधारात अक्षर वाकडं येतं, त्याला इलाज नाही. म्हणून पूर्ण वाक्यं लिहू नका, खुणा ठरवून घ्या. चार पुरतात:

- ह: इथं हसू आलं. पुढं एका शब्दात कुणावर ते.
- ब: मुलाच्या समजुतीत इथं काहीतरी बदललं.
- क: इथं कुणालातरी किंमत मोजावी लागली. पैसा, विश्वास, मैत्री, जे असेल ते.
- ?: पटलं नाही.

मध्यंतराला एक आडवी रेघ मारा. नंतर त्या रेघेच्या वर आणि खाली खुणा कशा पडल्यात ते बघितलं की चित्रपटाची ठेवण उलगडते. पूर्वार्धात सगळे 'ह' आणि उत्तरार्धात सगळे 'क' असतील तर लेखकानं विनोद आणि दुःख वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलंय. खुणा एकमेकींत मिसळलेल्या असतील तर पटकथेवर जास्त काम झालेलं असतं.

पहिली दहा मिनिटं नीट बघा. मूल काय मागतंय आणि जगाबद्दल काय समजून चाललंय, या दोन गोष्टी तिथं पेरलेल्या असतात. त्या निसटल्या तर पुढचा बदल मोजायला आधारच उरत नाही. उशिरा पोचून 'सुरुवातीचं काही विशेष नसतं' असं समजणाऱ्यानं या प्रकारच्या चित्रपटावर लिहू नये.

संवाद शब्दशः टिपायचे तर फक्त दोन किंवा तीन. अर्धवट ऐकलेला संवाद अवतरणचिन्हांत घालू नका.

> सावधान: नोंदींत मत लिहू नका. 'अप्रतिम' किंवा 'कंटाळवाणं' असा शब्द वहीत पडला की पुढचा अर्धा तास आपण तो खरा करण्यात घालवतो.

टप्पा ३: बाहेर पडल्यावर पहिल्या तासात तीन ओळी

कुणाशी बोलण्याआधी आणि दुसऱ्याचं परीक्षण वाचण्याआधी या तीन ओळी लिहून टाका:

१. सुरुवातीला मूल काय मानत होतं?
२. शेवटी काय मानतं?
३. कुठल्या एका प्रसंगात ते बदललं?

पहिल्या दोन बहुतेकांना येतात. तिसरीवर पेन अडतं. अडलं तर वहीतले 'ब' शोधा. तरीही प्रसंग सापडत नसेल तर शक्यता दोनच: तुमच्याकडून निसटला, किंवा चित्रपटात तो नाहीच. नसेल तर ती त्या चित्रपटाची मोठी उणीव आहे आणि परीक्षणात ती ठळकपणे यायला हवी.

बदल सांगताना 'तो मोठा झाला', 'तिला जगण्याचा अर्थ कळला' असली वाक्यं लिहू नका. कळलं म्हणजे काय कळलं? 'आईची अडचण आपल्याला सोडवता येईल असं त्याला वाटत होतं. आता आईपासून लपवून सोडवली तर नवी अडचण उभी राहते हेही त्याला दिसलंय.' एवढं नेमकं लिहिता आलं पाहिजे.

> तपासा: या तीन ओळी चित्रपट न बघितलेल्या माणसाला वाचून दाखवा. 'म्हणजे काय?' असा प्रश्न आला तर ओळ अजून कच्ची आहे.

टप्पा ४: उमेद तपासणं

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. परीक्षणाचा कणा इथं तयार होतो.

शेवटी उमेद वाटली, बरं वाटलं, हे खरं. पण ती चित्रपटात आली कुठून? साधारण चार वाटा असतात. मुलानं स्वतः काही केलं त्यातून आली. एखादा मोठा माणूस बदलला म्हणून आली. योगायोगानं आली, म्हणजे पाकीट सापडलं, स्पर्धेत बक्षीस लागलं, दूरचा काका उगवला. किंवा शेवटच्या गाण्यानं नाहीतर भाषणानं आणली. पहिल्या दोन वाटा जवळपास नेहमीच टिकतात. तिसरीही चालते, पण योगायोग चित्रपटाच्या सुरुवातीला असेल तर. अडचण योगायोगानं येऊ दे, सुटका योगायोगानं झाली की मुलानं आतापर्यंत केलेली धडपड वाया जाते. चौथीवर फार विश्वास ठेवू नका. गाणं संपून दिवे लागले की ती उमेद निम्मी होते.

'एलिझाबेथ एकादशी'मध्ये पहिली वाट आहे, आणि मला त्या चित्रपटातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते की इथली उमेद मोजता येते. ठराविक रक्कम हवी, ठराविक दिवसांत हवी. किती बांगड्या विकल्या गेल्या, हातात किती जमले, किती कमी पडतात, हे मुलांसोबत प्रेक्षकही मोजत असतो. आशा हवेत तरंगत नाही. तिला आकडा आहे, म्हणून ती खोटी वाटत नाही.

आता किंमत बघा. सायकल वाचवायची तर मशीनसाठी पैसे दुसरीकडून आणावे लागणार. सायकल विकली तर वडिलांच्या हातची वस्तू जाणार. तिसरा मार्ग काढायचा तर आईशी खोटं बोलावं लागणार. तिन्हीकडे काहीतरी जातंच. ज्या चित्रपटात मुलाचं काहीच जात नाही तो फार तर गोड म्हणता येईल. आशादायी म्हणायचं तर आशेनं काय विकत घेतलं आणि काय देऊन घेतलं, ते दिसलं पाहिजे. गोड चित्रपट वाईट नसतो, पण त्याला आशादायी म्हणून वरची पायरी देऊ नका.

मनातल्या मनात करायची एक चाचणी सांगते, ती बहुतेकदा उपयोगी पडते. शेवटची दहा मिनिटं कापून टाका. अडचण सुटली की नाही हे आता माहीत नाही असं समजा. तरीही मुलाबद्दल विश्वास वाटतो का? वाटत असेल तर उमेद चित्रपटभर पेरलेली होती. वाटत नसेल तर ती शेवटी चिकटवली आहे.

> सावधान: गरिबी दाखवली म्हणून आशा आपोआप खरी होत नाही. फाटका शर्ट, गळकं छप्पर आणि त्यावर व्हायोलिन, एवढ्यानं समीक्षकानं हळवं होऊ नये. घरात पैसा कुठून येतो आणि कुठं जातो हे चित्रपट सांगतो का, ते बघा. सांगत असेल तर त्याला ते घर ठाऊक आहे.

उलट चूकही होते. शाळकरी मुलगा, अर्धवट वयातलं प्रेम, गावातली गंमत दिसली की काही लोक कुठल्याही चित्रपटाला याच चौकटीत बसवतात. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त हे सगळं आहे, हसूही आहे. पण तो चित्रपट जातीच्या अपमानाकडे सरळ बोट दाखवतो आणि प्रेक्षकाला दिलासा देऊन घरी पाठवत नाही. 'शेवटी थोडी आशा हवी होती' अशी तक्रार त्याच्याबद्दल करणं म्हणजे चित्रपट न समजणं. चौकट आधी तपासा, मग मोजमाप काढा.

टप्पा ५: हसू कुणावर येतं

वहीतल्या 'ह' पुढचे शब्द एका खाली एक लिहा. यादीत मुलांच्या डोक्यातल्या कल्पना, मोठ्यांची बनवाबनवी, परिस्थितीतला गोंधळ असं आलं तर ठीक. जाडा मुलगा, तोतरा मुलगा, गावाकडची बोली, घरकाम करणारी बाई, काळा रंग असं येत असेल तर तो विनोद दुबळ्याच्या खांद्यावर उभा आहे. चित्रपट कितीही लाघवी असला तरी हे परीक्षणात यायला हवं. ग्रामीण उच्चारावर शहरी सभागृहात उठणारा हशा विशेष तपासा. पात्र काही गमतीचं बोललं म्हणून लोक हसले, की नुसत्या बोलण्याच्या ढबीला?

दुसरं, वाक्य कुणाचं आहे? मुलाच्या तोंडी मोठ्या माणसानं लिहिलेलं चुरचुरीत वाक्य घातलं की टाळी मिळते आणि मूल नाहीसं होतं. त्या वयाचं, त्या गावातलं मूल असं बोलेल का, एवढं विचारा. शंका असेल तर त्या वयाच्या मुलांना आपसांत बोलताना ऐका. ती अर्धी वाक्यं टाकतात, विषय मध्येच सोडतात, एकच गोष्ट चारदा सांगतात.

तिसरं, विनोद आणि अडचण यांचं नातं. चांगल्या चित्रपटात दोन्ही एकाच प्रसंगातून निघतात. मुलांनी चोरून मांडलेलं दुकान बघा. गिऱ्हाइकांना बोलावण्यात धमाल आहे, आणि कुणा ओळखीच्यानं बघितलं तर काय, ही धाकधूकही त्याच क्षणी आहे. हसताना पोटात गोळा येतो. असा एखादा प्रसंग सापडला तर परीक्षणात तोच निवडा, दहा विनोद मोजत बसू नका.

विषय नाजूक असेल तर आणखी जपून. रवी जाधव यांच्या 'बालक-पालक'मध्ये चाळीतल्या मुलांना शरीरसंबंधांबद्दल प्रश्न पडतात आणि मोठी माणसं उत्तरं टाळतात. अशा चित्रपटावर लिहिताना नुसतं 'धाडसी विषय' म्हणून थांबू नका. कॅमेरा मुलांच्या कुतूहलाच्या बाजूनं उभा आहे की त्यांच्या अवघडलेपणाची मजा घेतोय, ते प्रसंग देऊन दाखवा.

टप्पा ६: मुलांच्या अभिनयाबद्दल

'निरागस', 'गोंडस', 'सहजसुंदर' हे तीन शब्द मसुद्यात आले की खोडा. त्यांच्या जागी मूल काय करतं ते लिहा. समजा प्रसंग असा आहे की आई पैशांची गोष्ट काढते आणि मुलगी ऐकते. ती आईकडे बघते की दाराकडे? उत्तर द्यायला थांबते का? ताटातली भाकरी मोडत राहते, पण तोंडात घालत नाही, असं काही दिसलं का? एवढी एक ओळ दहा विशेषणांपेक्षा जास्त सांगते. आणि ती लिहायची तर प्रसंग डोळे उघडे ठेवून बघावा लागतो, हा तिचा आणखी एक फायदा.

श्रेय वाटतानाही सावध राहा. लहान मुलाचा चांगला अभिनय हा बहुतेकदा दिग्दर्शक, समोरचा कलाकार आणि संकलक यांच्यासोबत घडलेला असतो. सगळ्या मुलांचं काम एका पातळीचं असेल तर दिग्दर्शकाचं नाव त्याच परिच्छेदात घ्या.

> सावधान: बालकलाकाराच्या रूपावर, वजनावर, रंगावर, दातांवर एक अक्षरही लिहू नका, कौतुकानंही नाही. 'उद्याचा सुपरस्टार' अशी भविष्यवाणी नको. काम जमलेलं नसेल तर दोष भूमिकेच्या लेखनाचा, निवडीचा की दिग्दर्शनाचा ते शोधा आणि तिथं बोट ठेवा. परीक्षण ते मूलही वाचणार आहे, आणि त्याचे वर्गमित्रसुद्धा.

टप्पा ७: तांत्रिक बाजू

थोडक्यात आणि गोष्टीशी जोडून. 'छायांकन नेत्रसुखद, पार्श्वसंगीत उत्तम' अशी हजेरी लावण्यापेक्षा एकच बाब निवडा. या प्रकारात सर्वात उपयोगी पडणारा प्रश्न कॅमेऱ्याच्या उंचीचा आहे. मोठी माणसं मुलाच्या उंचीवरून दिसतात की मूल मोठ्यांच्या उंचीवरून? उंची कुठं बदलते? अनेकदा मुलाच्या समजुतीतला बदल आणि हा बदल जवळजवळ असतात. 'किल्ला'चे दिग्दर्शक अविनाश अरुण हेच त्याचे छायालेखकही आहेत, त्यामुळे कोकणातला पाऊस, समुद्र आणि नव्या गावात आलेल्या मुलाचा एकटेपणा त्या चित्रपटात वेगळे काढता येत नाहीत. तिथं 'सुंदर निसर्गचित्रण' असं लिहिलं तर मुद्दाच हातून जातो.

टप्पा ८: मसुद्याचा क्रम

सातशे ते नऊशे शब्द पुष्कळ झाले. क्रम असा ठेवा:

१. सुरुवात एखाद्या ठोस गोष्टीनं. वस्तू, प्रसंग, अडचण. दिग्दर्शकाच्या आधीच्या चित्रपटांची यादी देऊन सुरुवात करू नका.
२. कथानक शंभर-सव्वाशे शब्दांत. पहिल्या पाव भागात घडतं तेवढंच सांगा. अडचण काय आणि मुलं काय करायचं ठरवतात, इथं थांबा.
३. उमेद आणि तिची किंमत. टप्पा ४ मधलं सगळं. सगळ्यात मोठा भाग हा.
४. हसू, एका प्रसंगासह.
५. अभिनय आणि तांत्रिक बाजू.
६. काय जमलं नाही. 'काही किरकोळ त्रुटी आहेत' असं मोघम नको. वहीतल्या प्रश्नचिन्हांतलं सर्वात मोठं एक निवडा आणि समजावून सांगा.
७. कुणासाठी.

पहिला परिच्छेद सहसा असा लिहिला जातो:

*'परेश मोकाशी यांचा एलिझाबेथ एकादशी हा पंढरपूरच्या पार्श्वभूमीवरील एक हळवा, निरागस आणि मनाला भिडणारा चित्रपट असून लहान मुलांचे भावविश्व अत्यंत सुंदररीत्या उलगडण्यात दिग्दर्शक यशस्वी झाला आहे.'*

यात चित्रपट बघितल्याचा पुरावा एकही नाही. आता हे बघा:

*'ज्ञानेशच्या घरात विकण्यासारखी वस्तू एकच उरली आहे, वडिलांनी बनवलेली सायकल. विणकामाचं मशीन सोडवायला पैसे हवेत, आणि कार्तिकीची गर्दी गावात मोजके दिवसच थांबणार आहे. मुलं बांगड्यांचं दुकान मांडायचं ठरवतात. आईला कळता कामा नये, एवढीच अट.'*

दुसऱ्यात एकही विशेषण कौतुकाचं नाही. तरी अडचण, मुदत, जोखीम आणि मुलांचा स्वभाव आला, आणि पुढं काय होतं ते फोडलंही नाही.

शेवटाबद्दल लिहायचं असेल तर घटना सांगू नका, शेवट कुठल्या प्रकारचा आहे ते सांगा. 'शेवट मुलांच्याच कष्टातून येतो', 'शेवटी एक मोठा माणूस घाईनं बदलतो' किंवा 'शेवट गाण्यावर फार टेकला आहे' असं लिहिता येतं. वाचणाऱ्याला तुमचं मत कळतं आणि त्याची उत्सुकताही शाबूत राहते. ओटीटीवर जुना चित्रपट आला तरी हाच नियम पाळा. दहा वर्षांपूर्वीचा चित्रपट आज पहिल्यांदा बघणारं मूल घरोघरी आहे.

> तपासा: मसुद्यातून चित्रपटाचं नाव आणि पात्रांची नावं झाका. उरलेला मजकूर दुसऱ्या एखाद्या बालचित्रपटाला लागू पडत असेल तर टप्पा ४ पुन्हा करा.

टप्पा ९: कुणासाठी, आणि तारे

'सहकुटुंब' हे उत्तर पालकांच्या कामाचं नाही. प्रमाणपत्र नेमकं लिहा. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्यानं यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायचा) या वर्गाचे यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे भाग झाले आहेत. जुन्या चित्रपटांवर नुसतं यूए दिसेल. त्यानंतर एका वाक्यात सांगा की मुलांना काय जड जाऊ शकतं: पालकाचा मृत्यू, मारहाण, शिव्या, वसुलीला आलेली माणसं. चित्रपट बघून घरी काय प्रश्न येतील याचा अंदाज दिलात तर पालक तुमचं परीक्षण जपून ठेवतील.

तारे द्यायचेच असतील तर सगळं लिहून झाल्यावर. मजकूर वाचून जे आकलन होतं त्याच्याशी आकडा जुळतो का बघा. मजकुरात तीन मोठ्या तक्रारी आणि वर साडेचार तारे, असं दिसलं तर एकतर तक्रारी खऱ्या नाहीत किंवा तारे.

टप्पा १०: नावं, सालं, पुरस्कार

इथल्या चुका सर्वात सहज टाळता येतात आणि सर्वात जास्त होतात.

नावं श्रेयनामावलीतून घ्या, पोस्टवरून किंवा आठवणीतून नको. बालकलाकारांची नावं विशेषतः, कारण पुढं वर्षानुवर्षं तुमचीच चूक इतर लोक उचलतात.

साल लिहिताना कशाचं साल ते ठरवा. 'किल्ला' बर्लिनच्या महोत्सवात २०१४ मध्ये दाखवला गेला आणि आपल्याकडे चित्रपटगृहांत २०१५ मध्ये आला. दोन्ही सालं बरोबर, पण 'प्रदर्शित' या शब्दापुढं २०१५ च हवं. राष्ट्रीय पुरस्कारांतही तीच गल्लत होते. ६२ वे पुरस्कार २०१४ च्या चित्रपटांसाठी होते, जाहीर झाले २०१५ मध्ये. त्यांत 'एलिझाबेथ एकादशी' सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला आणि 'किल्ला' सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट.

पुरस्काराचं नाव पूर्ण लिहा. 'किल्ला'ला बर्लिनमध्ये क्रिस्टल बेअर मिळालं, तेही लहान मुलांच्या विभागात, मुलांच्याच ज्युरीकडून. त्याऐवजी 'बर्लिनचा सर्वोच्च पुरस्कार' लिहिणं चूक आहे, आणि मुलांनी निवडला ही त्या चित्रपटाबद्दलची फार सुंदर माहितीही त्यात बुडून जाते.

मग मसुदा मोठ्यानं वाचा. जिथं श्वास पुरत नाही ते वाक्य तोडा. 'अत्यंत', 'अतिशय', 'खरोखर', 'अक्षरशः' शोधून काढा. 'असून', 'करण्यात आले आहे' ही सरकारी वळणं सरळ करा.

> शेवटची तपासणी: टप्पा ३ मधल्या तीन ओळी बाजूला ठेवा आणि मसुद्यातला तिसरा भाग वाचा. दोन्हीकडे तोच बदल, तोच प्रसंग दिसतोय का? नसेल तर लिहिताना मत सरकलंय. विचार करून सरकलं असेल तर ओळी बदला. दुसऱ्याचं परीक्षण वाचून सरकलं असेल तर मसुदा बदला.

प्रकाशित झाल्यावर कुणी तथ्याची चूक दाखवली तर ती त्याच दिवशी सुधारा आणि काय बदललं, कधी बदललं, हे मजकुराच्या खाली लिहा. मतावरून वाद घातला तर मत बदलायची गरज नाही. फक्त ज्या प्रसंगावर ते मत उभं आहे तो परीक्षणात स्पष्ट लिहिलाय ना, ते पुन्हा एकदा बघून घ्या.